उष्टा सूर

ढोकीच्या स्टेशनात बारकी गाडी येऊन उभी होती आणि मायचा अजून पत्ता नव्हता. शांताआत्या खिडकीची जागा धरून बसली होती आणि तिथूनच आपल्या भावावर, म्हणजे माझ्या दादांवर, ओरडत होती. "अरं चढव की पोरीला! गाडी काय तुझ्या बायकोसाठी थांबणार हाय व्हय?" आमच्या घरी वडिलांना दादा म्हणायचे. ते पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेऊन नुसते रस्त्याकडं बघत होते. बहात्तरचा दुष्काळ होता. माय खडी फोडायच्या कामावर होती आणि हजेरी झाल्याशिवाय मुकादम कुणाला हलू देत नव्हता.

शेवटी आली. पळत आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी धूळ, त्यात डोळे तेवढे मायचे. कामावर वाटायचे ती सुकडी पदरात बांधून आणली होती, ती तिनं खिडकीतून माझ्या ओच्यात ओतली. मला वाटलं आता रडेल, गालावरून हात फिरवेल. कसलं काय! गज धरून तिनं मला दम भरला.

"हे बघ सुजे. फाटकं घालावं लागलं तर घाल. अर्धपोटी निजावं लागलं तर नीज. पर जिथं आपला नंबर मुद्दाम शेवटी लावतेत, तिथं ऱ्हायचं न्हाय. उठायचं आन् सरळ घरी यायचं. ऐकलं का?"

मी आठ-नऊ वर्षांची. मला नंबर म्हणजे पाण्याचा नंबर एवढंच ठाऊक. त्या वर्षी टँकर आला की आधी गावाच्या घागरी, मग उरलं तर आमच्या वस्तीच्या. विहिरीवर तर आम्हाला बादली सोडायचीच मुभा नव्हती. आमच्या बायकांनी खाली उभं राहायचं आणि सगळ्यांचं भरून झालं की वरची एखादी बाई हात उंच धरून आमच्या घागरीत ओतायची. बाकीच्या त्या वरच्या बाईला म्हणायच्या, "वाढा की वो माय पाणी." माझी माय म्हणायची नाही. ती गप उभी राहायची, आणि म्हणूनच तिचा नंबर आणखी मागं जायचा. आम्ही बौद्ध झालो तेव्हा ती नवी नवरी होती. मागायचं नाही आणि कुणाचं उष्टं घ्यायचं नाही, हे तिनं तेव्हापासून जे धरलं ते धरलं. घरात भाकर नसेल तर नसेल.

गाडी हलली. मी हो म्हणाले की नाही ते आठवत नाही. सुकडी खाल्ली ते आठवतं.

आत्या पुण्यात कॅम्पात मुलींच्या एका बोर्डिंगात आया होती. शाळेच्या आवारातच तिला एक खोली होती आणि त्या खोलीच्या जोरावर मला शाळेत बसायला मिळालं. तिथं मी पहिल्यांदा पाव खाल्ला आणि मला तो चिंधी चावल्यासारखा लागला. पोरी इंग्रजीत हसायच्या, मी मराठीत रडायचे. सुट्टीत घरी गेले की बोलता बोलता 'लंच' म्हणायचे, आणि माझा धाकटा भाऊ गल्लीभर ओरडत फिरायचा, "आमची सुजी लंच खाती!"

शाळेच्या हॉलमध्ये एक काळा पियानो होता. सकाळच्या प्रार्थनेला तो वाजवायच्या त्या बाई गोव्याच्या होत्या, त्यांना सगळे नुसतं मिस म्हणत. मिसनी वाजवलेलं मला दिवसभर कानात ऐकू यायचं, झोपेतसुद्धा. एकदा हॉल रिकामा बघून मी एका बोटानं ते शोधायला बसले. मागं मिस येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. आता मार बसणार म्हणून मी कानावर हात ठेवले. मिस म्हणाल्या, "कान कशाला झाकतेस, कान तर चांगले आहेत तुझे." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायला घेतलं. पुढची कितीतरी वर्षं शिकवलं. त्यांचं ऋण मी कुठं फेडणार!

दादा एकदा मला भेटायला आले. तोवर दुष्काळ सरला होता, ढोकीच्या साखर कारखान्यात त्यांना हंगामी काम लागलं होतं, आणि अंगाला मळीचा वास घेऊनच ते पुण्याला उतरले. मी मोठ्या ऐटीत त्यांना हॉलमध्ये नेलं. त्यांनी पियानोला एक फेरी मारली, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "पेटी तर लई मोठी हाय. पर हिचा भाता कुठंय?" मी म्हटलं, दादा, हिला भाता नसतो. "भाता न्हाय? मग हिला दम कुठनं येतो?" मिसना मी हे इंग्रजीत सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. नंतर मात्र प्रत्येक धड्याला त्या मला दादांचा प्रश्न विचारायच्या: हिला दम कुठून आणणार आहेस? मग मी खांदे सोडून, श्वास घेऊन वाजवायचे. गावात मात्र 'सुजी पेटी वाजिवती' एवढंच कळलं होतं. लोकांना वाटायचं, मी पुण्यात भजनी मंडळात लागले.

पुढं स्कॉलरशिप मिळाली आणि मी जर्मनीला गेले. ते सगळं सांगत बसत नाही. माझ्यासारखे जे निघाले त्यांना ते ठाऊक आहे, आणि जे राहिले त्यांना सांगून पटत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी हाइत्सुंगला, म्हणजे तिथल्या भिंतीतल्या शेगडीला, पाठ लावून रडले. घराला 'वोनुंग' म्हणायला शिकले आणि माझ्या लक्षात आलं की त्या शब्दात घराचा काहीच वास येत नाही. तिखट नाही, धूर नाही, कुणी कुणावर ओरडत नाही. बाकी माणसं चांगली होती. वाईट म्हणायला मला जागा नाही.

शिकणं संपता संपता एका छोट्या चेंबर ऑर्केस्ट्रानं मला बोलावलं. तीसेक वादक, बहुतेक माझ्याच वयाचे. त्यांना दोन जुने पियानो कॉन्चेर्तो रेकॉर्ड करायचे होते आणि त्यांना पियानोवर मी हवी होते. कॉन्चेर्तो म्हणजे एका वाद्याचं सगळ्या वादकांबरोबरचं बोलणं. कधी गप्पा, कधी भांडण. एका जुन्या चर्चमध्ये रेकॉर्डिंग झालं. तिथली हाइत्सुंग गरम होताना टिकटिक करायची आणि ती टिकटिक माइकमध्ये यायची, म्हणून ती बंद करून टाकली. आम्ही कोट घालून बसायचो आणि लाल दिवा लागला की कोट काढायचो. चेलोवाल्याची खुर्ची करकरली, पुन्हा घ्या. वरून विमान गेलं, पुन्हा घ्या. माझी बोटं गारठून लाकडं व्हायची आणि मी मनात म्हणायचे, खडी फोडण्यापेक्षा हे बरं. पण सुख होतं हो. एवढं सुख मला नंतर क्वचितच मिळालं.

रेकॉर्ड निघाली, कॅसेट निघाली, आणि ऑर्केस्ट्रानं विचारलं, कायमची राहतेस का आमच्याबरोबर? तिथल्या संगीत शाळेत शिकवायचं कामही मिळत होतं. म्हणजे आता शिकायला गेलेली पोर नव्हे, तिथलीच होऊन राहायचं. मी म्हटलं, घरी विचारून येते. त्यांना गंमत वाटली. एवढी मोठी बाई आणि घरी विचारणार! पण मी मायच्या होकाराशिवाय राहणार नव्हते. अशी हट्टी मी तिच्याच पोटची.

घरी पोचले तेव्हा ऊस गळिताला होता. गाव ओळखू येत नव्हतं. जिथं नजर जाईल तिथं हिरवा ऊस, रस्त्यात ट्रॅक्टर, आणि दादा आता कारखान्यात कायम झालेले. आमच्या वस्तीत हापसा आला होता, माय त्याच्यावर राणीसारखी पाणी भरायची. घराला दोन खोल्या वाढल्या होत्या. मी सगळं बघितलं आणि जेवताना विषय काढला. दादा म्हणाले, "तुझं तू शानी हायेस." मायनं घास थांबवला. "तितं तू करतीस काय, ते आदी मला ऐकू दी. मग सांगते जा का ऱ्हा ते."

एवढंच ना? मी खूश. मला वाटलं, ऐकल्यावर माय विरघळणार. मी टेप आणला होताच. दुसऱ्या दिवशी कामं उरकून माय पदर खोचून टेपासमोर येऊन बसली. तिच्या कानाची मला खात्री होती. जयंतीला वस्तीत गाणी व्हायची तेव्हा सगळ्या बायका तिच्या तोंडाकडं बघून सूर धरायच्या. दादा दाराला टेकून बसले. मी कॅसेट घातली, पहिली बाजू.

आता ज्यांनी असं संगीत ऐकलेलं नाही त्यांना एक सांगायला हवं. त्या काळच्या कॉन्चेर्तोत सुरुवातीला पियानो वाजतच नाही. आधी सगळा ऑर्केस्ट्रा वाजवतो, चांगला वेळ. पियानोवाला मधोमध बसून, हात मांडीवर ठेवून, गप. मग त्याची वेळ येते.

माय ऐकत होती. व्हायोलिनं झाली, बासऱ्या झाल्या. तिनं माझ्याकडं बघितलं. "तू कुठंय?"

"येते, थांब."

पुन्हा ऐकलं. "आगं, समदे वाजवायलेत. तू कामून गप बसलीस?"

"माझी वेळ आल्यावर वाजवणार की."

मायचा चेहरा बदलला. मला तो चेहरा ठाऊक होता. विहिरीखाली उभी राहायची तेव्हाचा. "म्हंजे समद्यांचं झाल्यावर तुझा नंबर."

मी म्हटलं, "माय, तसं नाही गं!" पण ती हात वर करून म्हणाली, ऐकू दी. तेवढ्यात पियानो आला. आला तो ऑर्केस्ट्रानं सुरुवातीला वाजवलेलाच सूर घेऊन आला. त्या रचनेत तसंच आहे. मायनं दोन क्षण ऐकलं आणि म्हणाली, "ह्ये तर त्येंचंच. त्येनी वाजवून टाकलेलं. त्येंचं उष्टं कामून वाजिवतीस?"

इतकी वर्षं शिकले, इतक्या लोकांनी मला या सुराबद्दल सांगितलं. प्रस्तावना म्हणाले, संवाद म्हणाले, पुनरुक्ती म्हणाले. उष्टं कुणी म्हणालं नव्हतं.

दादा मदतीला आले. "आगं, तसं नसतंय. जयंतीच्या सभेत अध्यक्ष शेवटीच बोलतेत की!"

"अध्यक्ष खुर्चीवर बसल्याला दिसतो समद्यास्नी," माय म्हणाली. "हिला टेपात कोण बघायलंय?"

मी कॅसेटवरचा फोटो काढून दाखवला. मध्ये मी बसलेली, मागं सगळे उभे. मायनं तो लांब धरून, जवळ धरून बघितला. "फोटूत समदेच म्होरं बसिवतेत. तुझ्या दादालाबी कारखान्याच्या फोटूत म्होरं बसिवलं हुतं. पंगतीला बसिवलं का?" आणि उठून चुलीकडं गेली. तिथूनच म्हणाली, "नगं जाऊस माघारी. दोन घास कमी खाऊ."

मग काय, भांडले मी. कडाडून भांडले. तुला त्यातलं काही कळत नाही म्हटलं, तिथं मला कुणी जात विचारत नाही म्हटलं, ते लोक माझ्यासाठी चहा करतात म्हटलं. माय भाकरी थापत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते धुरानं नव्हतं. तेव्हा माझा राग गळून पडला. ही बाई माझ्या संगीतावर रुसली नव्हती. तिची लेक एवढे देश ओलांडून, एवढं शिकून, पुन्हा सगळ्यांच्या मागं घागर घेऊन उभी आहे असं तिला ऐकू आलं होतं. आणि खरं सांगू? मलाही भीती वाटली. म्हटलं, तिचं बरोबर असेल तर? मला तिथं दिसलं नसेल, पण तिला ऐकू आलं असेल तर?

मी टेपापाशी जाऊन बसले. कॅसेट पालटली. दुसऱ्या बाजूचा कॉन्चेर्तो वेगळा आहे, काळोखा, आभाळ भरून आल्यासारखा. मायला बोलावलं नाही, नुसता लावला. सुरुवातीला पुन्हा ऑर्केस्ट्रा, पुन्हा मी गप. चुलीकडनं भाकरीचा थाप, थाप आवाज येत होता. मग सगळे थांबले आणि पियानो आला. एकटा. आधी कुणीच न वाजवलेला सूर घेऊन.

थापणं बंद झालं.

माय पिठाचे हात घेऊन दारात आली. "ह्ये कुणाचं?"

"माझं."

"आदी त्येनी वाजिवलं न्हाय ह्ये."

"नाही. आणि नंतरही वाजवत नाहीत. हा सूर शेवटपर्यंत पियानोचाच आहे. लिहिणाऱ्यानं तो त्यांना दिलेलाच नाही."

"आन् त्येनी मागितला तर?"

मला हसू आलं आणि रडूही. "मागितला तरी नाही मिळत, माय."

ती खाली बसली. पिठाचे हात तसेच मांडीवर. "मागं घे," म्हणाली. मी टेप मागं घेतला. पुन्हा ऐकलं. पियानो येताना बाकीचे कसे गप होतात, ते तिनं मान डोलावून दाखवलं. पुन्हा म्हणाली, "मागं घे." तव्यावरची भाकर करपून कोळसा झाली, दादांनी ती गुपचूप उतरवली. किती वेळा मागं घेतलं कोण जाणे. शेवटी मायनं नाक पुसलं, तर नाकाला पीठ लागलं.

"मग हीच बाजू वर घालायची की," ती म्हणाली. "त्या कंपनीवाल्याला अक्कल न्हाय." आणि हातांचं पीठ झटकत, "जा. पर ती पयली बाजू वाजिवशील तवा त्येंच्यावानी वाजवू नको. आपल्यावानी वाजीव."

हा तिचा होकार. यापेक्षा गोड होकार मायकडं नव्हता.

मी निघाले त्याच्या आदल्या दिवशी तिनं बायका जमवल्या. वस्तीतल्या होत्या आणि गावातल्याही दोघी-तिघी, परदेशातला टेप बघायला म्हणून आल्या. मायनं दुसरी बाजू लावली. ऑर्केस्ट्रा सुरू झाला तशी गावातली एक म्हातारी म्हणाली, "पोरगी कुठंय गं ह्यात?" आणि उठायला लागली. माय तिला म्हणाली, "बसा वो काकू. ती आल्याबिगर कुणी उठायचं न्हाय." काकू बसल्या. सगळ्या बसल्या. आमच्या अंगणात गावच्या बायका माझी वाट बघत बसल्या होत्या आणि माय चहाची कपबशी हातात धरून सगळ्यांवरून नजर फिरवत होती. तिचं ते तोंड मी कधी विसरणार नाही.

माय गेली, दादा गेले. मी तिथंच राहिले, तिथंच शिकवते, स्वप्नं आता अर्धी त्या भाषेत पडतात. तो पहिला कॉन्चेर्तो मी अजून वाजवते. ऑर्केस्ट्राचा सूर माझ्याकडं येतो तेव्हा मी तो कधीच त्यांच्यासारखा वाजवत नाही. कुठं एखादा स्वर लांबवते, कुठं मुरकी घालते, जयंतीच्या गाण्यात माय घालायची तशी. कुणी म्हणतं फार छान, कुणी म्हणतं हे शैलीला सोडून आहे. असेना का.

माझ्यासारखे निघालेले लोक भेटले की हमखास एकमेकांना विचारतात, घराची आठवण येते का? मी आता आठवणीचं बोलत नाही. तो कॉन्चेर्तो मी किती गावांत, किती देशांत वाजवला. लोकांनी मला नाना तऱ्हेचे प्रश्न विचारले: रोज किती सराव करता, भारतात पियानो असतो का, साडी नेसून पेडल दाबता येतं का. पण तू सगळ्यांच्या मागून का, आणि त्यांचं उष्टं का वाजवतेस, हे सगळ्या जगात मला एकाच उंबऱ्याच्या आत विचारलं गेलं. ते माझं घर.